एकशे बाराव्या पानावरची परिचारिका

छापखान्यात त्यांना सगळे ‘चाळणी’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर नाव अगदी शोभत होतं. पुस्तकाच्या शेवटी जी नामसूची असते, ती करण्यात या गृहस्थांनी चौतीस वर्षं घालवली. नियम सोपा: विशेषनाम आत, सामान्यनाम बाहेर. नदी बाहेर, नदीचं नाव आत. नुसता ‘डॉक्टर’ असेल तर बाहेर, पण त्याचं नाव आलं की लगेच चिठ्ठी लिहून खोक्यात. “ज्याला नाव नाही त्याला पान नाही,” असं ते नव्या लोकांना मोठ्या तोऱ्यात ऐकवत.

घरी दोघंच, ते आणि थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा ताई नुकतीच इस्पितळात परिचारिका म्हणून लागली होती. तिने जादा पाळ्या करून भावाला शिकवलं, स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. भावानेही तो विषय कधी काढला नाही. सोयीचं होतं ना!

मग त्या इस्पितळाला पन्नास वर्षं झाली आणि त्याच्या इतिहासाची प्रुफं यांच्या टेबलावर आली. पान एकशे बारा: ‘मुलांच्या वॉर्डला आग लागली, तेव्हा एका परिचारिकेने अकरा मुलांना जिन्यावरून खाली आणले.’ ती कोण, हे यांना कुणाला विचारायला नको होतं. ताईच्या भाजलेल्या हाताला दीड महिना यांनीच पट्ट्या बांधल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लेखकाचा फोन आला. “ती परिचारिका कोण, ते तुम्हाला ठाऊक असेल असं कळलं. नाव मिळालं तर अजून घालता येईल.”

नाव ओठांवर आलं होतं. पण घरच्याच माणसाचं नाव! लोक म्हणतील, याने आपल्याच पोळीवर तूप ओढलं. चौतीस वर्षांची अब्रू डोळ्यांसमोर आली, बहीण आली नाही.

“नाही बुवा, मला कल्पना नाही,” ते म्हणाले. “राहू द्या तसंच.”

पुस्तक घरी आलं त्या दुपारी ताईने जेवणाच्या टेबलाशी बसून चष्मा पुसला आणि थेट शेवटची पानं उघडली. बोट एकेका नावावरून खाली सरकू लागलं. देणगीदार होते, इमारतीचा कंत्राटदार होता, पहारेकऱ्याचा कुत्रासुद्धा होता. कुत्र्याला नाव होतं, तेव्हा तो नियमाने आत!

“कुत्राही सोडला नाहीस की,” ताई हसली. मग तिच्या नावाचं अक्षर आलं आणि गेलं. ती पुन्हा वर जाऊन बघून आली. “लेखकांनी तुला फोन नाही केला?”

“केला होता.”

“मग?”

त्यांनी नियम सांगितला, लोक काय म्हणतील तेही सांगितलं. बोलता बोलता त्यांची त्यांनाच लाज वाटली.

“आधी माझ्याकडे आले होते ते,” ताई म्हणाली. “आपलं नाव आपल्याच तोंडाने कसं सांगायचं रे? म्हटलं, छापखान्यातल्या सूचीवाल्यांना विचारा, ते सांगतील.”

पुस्तक मिटून ती चहा टाकायला आत गेली. त्यानंतर ती तीन वर्षं जगली, त्याच घरात, त्याच टेबलाशी. तेवढ्या काळात चाळणींना एकदाही ‘ताई, चुकलो’ म्हणता आलं नाही.