आकाशातून आलेल्यांचं परतीचं भाडं

जानेवारीची अकरा तारीख, रविवार. पैजेची रक्कम पाचशे रुपये. हजर तिघं: मी, जुन्नरच्या बाजारपेठेतले आमचे टेलर मास्तर, आणि पडद्याआड चहा टाकणाऱ्या त्यांच्या पत्नी. त्यांना मी भाभी म्हणतो. पैज अशी होती की आकाशातून कुणी पृथ्वीवर चालून आलं, तर पृथ्वी टिकेल की नाही. मी टिकेल म्हणालो. मास्तर टिकणार नाही म्हणाले.

मी आळे गावचा. आळेफाट्यावर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्यांचा हिशेब लिहितो. रविवारी मला सुट्टी आणि जुन्नरचा बाजारही त्याच दिवशी. भाजी घेऊन झाली की मास्तरांच्या दुकानात तासभर बसायचं, असं सतरा वर्षं चाललं होतं. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना अहो म्हणायचो, ते मला अरे.

हा विषय दुकानातल्या छोट्या टीव्हीमुळे निघाला. त्यावर परग्रहावरून आलेल्यांचे, हिंदीत बोलणारे सिनेमे लागायचे. दर वेळी शेवटी पृथ्वी जिंकायची आणि मास्तर चिडायचे.

"एवढ्या लांबून आलेला गडी, आन् शेवटी एका पिस्तुलानं मरतोय. आरं, ज्याला इथवर येता येतं, त्याला एवढी अक्कल नसंल का?"

मग ते कापड बेतायच्या फळीवर निळ्या खडूने गोल काढायचे. गोल म्हणजे पृथ्वी. दुकानाच्या दारातून शिवनेरी दिसतो. त्याच्याकडे कैची रोखून ते म्हणायचे, "वरच्याला नुसता दगड सोडायचाय. खालच्याला तो वर न्यायचाय. वर न्यायला डिझेल किती जाईल, तूच काढ."

मी म्हणायचो, "पण मास्तर, किल्ल्यावर असतो तो राखणदार. चढाई करणारा खालून येतो."

"तेच तर सांगतोय, राव. ह्यो आपला किल्ला संगतीच घेऊन येतोय. आन् चढाई कसली? उतरून येतोय त्यो."

त्यांचे मुद्दे पक्के होते, हे मला कबूल करावं लागे. येणारा आपली वेळ निवडतो, आपल्याला मात्र रात्रंदिवस सगळीकडे पहारा ठेवावा लागतो. पृथ्वी कुठे आहे ते त्याला कायम ठाऊक. तो चंद्राच्या मागे जाऊन लपला तर आपल्याला पत्ता नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्यांना तो येताना ऐकू आला, असं धरलं तरी ऐकून करणार काय? आणि त्यांचा सगळ्यात कडू मुद्दा असा, की त्याचं इथे कुणी नाही. घर नाही, बायकापोरं नाहीत. कुठे दगड टाकायचा याचा त्याला विचार करावा लागत नाही.

माझी बाजू साधी होती. किल्ल्याला वेढा पडला की वरचं धान्य संपतं, टाक्यांतलं पाणी संपतं. आकाशातल्या किल्ल्याला तर श्वासही बरोबर आणावा लागणार. आपण काय, लेण्यांत जाऊन बसू. दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आमच्या डोंगरांत जागोजाग आहेत. शिवाय तो खाली उतरला की चिखल त्यालाही, ताप त्यालाही.

"आन् न्हाईच उतरला तर?" मास्तर विचारायचे.

तोवर ही सगळी करमणूक होती. डिसेंबरात मास्तरांच्या पायांवर सूज आली. नारायणगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल. मास्तर नाही म्हणाले. चार तास सुई टोचून पडून राहायचं, आणि तेही कायमचं, हे त्यांना नको होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मशीन नसेल तर फार दिवस नाहीत.

भाभींनी मला दुकानाबाहेर गाठलं. "भाऊ, ते माझं ऐकत नाहीत, मुलीचं ऐकत नाहीत. तुमचे आकडे तेवढे मानतात. काहीतरी करा."

म्हणून मी ती पैज लावली. पृथ्वी टिकली तर मास्तरांनी मशीनवर जायचं. नाही टिकली तर मी पाचशे रुपये द्यायचे आणि मशीनचं नाव पुन्हा काढायचं नाही. ही शेवटची अट त्यांनी घातली. पाचशेचा आकडाही त्यांचाच.

"आकडे मी सांगणार," ते म्हणाले. "हिशेब तू करायचा. तू लबाडी करणार न्हाईस, म्हणून तर खेळतोय."

त्यांनी खाकी कागदावर लिहून दिलं. येणारी माणसं दहा हजार. प्रत्येकाला अन्न, पाणी, हवा मिळून दिवसाला पाच किलो. पृथ्वीजवळ पोचतील तेव्हा त्यांच्याकडे साठा नऊ हजार टन. एका बाजूचा प्रवास एकशे वीस दिवसांचा. आमच्या बाजूला नव्वद दिवसांचं धान्य. ज्याचा साठा आधी संपेल तो हरला.

आठवडाभर मी तो कागद खिशात घेऊन फिरलो. दहा हजार माणसं, पाच किलो, म्हणजे रोजचे पन्नास टन. साठा नऊ हजार टन, म्हणजे दहा टनी नऊशे गाड्या. एकशे ऐंशी दिवस पुरेल. त्यातून परतीच्या प्रवासाचे एकशे वीस वजा केले. उरले साठ. साठ दिवसांनी त्यांना मुक्काम हलवावा लागणार, आणि आमच्याकडे नव्वद दिवसांचं धान्य. पृथ्वी टिकली.

पुढच्या रविवारी मास्तरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. "साठ," म्हणाले. "बरं. मंगळवारची रिक्षा सांग."

भाभी पडद्याआडून बाहेर आल्याच नाहीत. त्यांच्या रडण्याचा आवाज मात्र आला.

मास्तर सहा वेळा गेले. मंगळवार आणि शुक्रवार, तीन आठवडे. पायांची सूज उतरली. एक सफारी शिवून पुरी केली. तोंडाची चव गेली म्हणून कुरकुर करायचे, पण कुरकुर करायला होते.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी शिनोलीचे एक गृहस्थ आमच्या ऑफिसात आले. घरातलं सगळं सामान मुलाकडे सोलापूरला न्यायचं होतं. मी भाडं काढून दिलं. आमच्या धंद्यात लांबचं भाडं जाऊन-येऊन धरतात. गाडी रिकामी परत आली तरी डिझेल जळतं, ड्रायव्हर जेवतो. गृहस्थ कागद बघून म्हणाले, "साहेब, आम्हाला परत यायचंच नाय. मग परतीचं कशाला लावता?"

मी त्यांना नेहमीचं उत्तर दिलं. ते पैसे भरून गेले. मग माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

मास्तरांच्या कागदावर परतीचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी एका बाजूचा प्रवास दिला होता. वजाबाकी माझी होती. सव्वीस वर्षांच्या सवयीने मी आकाशातून आलेल्यांनाही परतीचं भाडं लावलं होतं. ते पृथ्वी घ्यायला आलेले. परत कशाला जातील? वजाबाकी काढून टाकली की त्यांच्याकडे एकशे ऐंशी दिवस, आमच्याकडे नव्वद. पृथ्वी जात होती. काठावर वगैरे नाही, सरळ निम्म्यात.

मी गप्प राहायचं ठरवलं. शनिवार गेला. रविवारी जुन्नरला जाऊ नये असंही वाटलं, पण गेलो.

मास्तर काज करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "हिशेब परत तपासलास का रे? मला एक वजाबाकी कळली न्हाई."

त्यांना कळलं होतं की नुसती शंका होती, ते मला आजही ठाऊक नाही. तपासला, बरोबर आहे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी म्हणालो, "चुकलाय, मास्तर. परतीचं धरलं होतं."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरं, तू त्यांचा बी भाडेवाला झालास का? रिकामी गाडी परत धाडलीस!" डोळे पुसून म्हणाले, "मग पैज माझी."

मी म्हणालो, "पैज राहू द्या. तब्येतीत फरक पडलाय, बघताय ना?"

"नाव काढायचं न्हाई, असं ठरलंय," ते म्हणाले, आणि पुन्हा काजाला लागले.

मी पाचशे काढून दिले, तर म्हणाले, "आत्ता राहू दे तुझ्याकडंच." मंगळवारी रिक्षा आली ती त्यांनी दारातून परत पाठवली. भाभींनी मला दोनदा फोन केला. अट पाळायची म्हणून मी मास्तरांना एक शब्द बोललो नाही. मुलगी येऊन पाया पडली, तरी ते गेले नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी त्यांना श्वास पुरेना. नारायणगावला न्यायला गाडी आली तोवर संपलं होतं.

मी मातीला गेलो. पुढचे रविवार बाजार करून सरळ घरी परतलो.

चाळीस दिवस झाल्यावर भाभींकडे गेलो. दुकान एका मोबाइलवाल्याला दिलं होतं, भाभी मागच्या खोलीत बसल्या होत्या. मी पाचशे रुपये पुढे ठेवले. कसले, म्हणून त्यांनी विचारलं. पैज त्यांच्यासमोरच लागली होती, पुढचं मी सगळं सांगितलं. साठ दिवस, ती वजाबाकी, शिनोलीचे गृहस्थ, तो रविवार.

मग म्हणाल्या, "परतीचं धरलेलं राहू द्यायचं होतं, भाऊ. कुणाचं काय जात होतं?"

त्यांनी नोटा उचलल्या नाहीत. मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "द्या इकडे. जिंकलेले आहेत त्यांचे." शंभराच्या पाच नोटा मी त्यांच्या हातात दिल्या.