कोटवाल्याचं तिसरं बटण

माझ्या आत्याला नवा चष्मा करायला लावणं म्हणजे वाळू रगडून तेल काढण्यातला प्रकार. दोन वर्षं तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तरी डोळे ठणठणीत आहेत हा हेका कायम. शेवटी एका शनिवारी भाजी आणायला जाऊ म्हणून मी तिला बाहेर काढलं आणि सरळ चष्म्याच्या दुकानात नेऊन बसवलं. तिथे अक्षरांचा तक्ता वाचायचा सोडून ती शेजारच्या भिंतीकडेच बघत राहिली. भिंतीवर काचेच्या चौकटीत एका जुन्या कॉमिकचं मुखपृष्ठ होतं. दिव्याच्या खांबाखाली उभा एक उंच माणूस, लांब कोट, वर केलेली कॉलर, डोळ्यांवर ओढलेली टोपी.

"हा कोट करडा नव्हे," आत्या म्हणाली. "निळा होता. उन्हानं उडालाय. खिडकीसमोरून काढा ते चित्र."

दुकानदाराच्या हातातली भिंगं खाली पडायचीच बाकी राहिली. "तुम्हाला कसं माहीत, मावशी?"

"मीच भरला होता तो रंग."

मला कॉमिकं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. रंगीत चौकटींत माणसं एकमेकांना ठोसे मारतात आणि वर 'धडाम' लिहिलेलं असतं, यात मोठ्या माणसांनी गुंतावं असं काय आहे, मला कधी कळलं नाही. त्यामुळे आत्याच्या नोकरीबद्दल मीही कधी धड विचारलं नव्हतं. त्या दुपारी दुकानदारानं तिला खुर्चीत बसवून, पुढच्या गिऱ्हाइकाला चक्क परत पाठवून जे विचारून घेतलं, ते मी भाची असून पहिल्यांदाच ऐकत होते.

'कोटवाला' नावाचं ते साप्ताहिक. आत्या विसाव्या वर्षी त्या छापखान्याच्या माडीवर रंग भरायला बसली आणि चोवीस वर्षांनी छापखाना बंद पडला तेव्हाच उठली. चित्रकार काळ्या रेषांत पानं काढून द्यायचा. रंग भरायला दोघीजणी, खिडकीशी लागून दोन टेबलं. एक अंक आत्याचा, पुढचा दुसरीचा. या दुसरीला सगळे लांबडी म्हणत, कारण ती दारातून येताना मान वाकवायची.

अंकावर चित्रकाराचं नाव असे, मालकाचं असे, छापखान्याचा पत्तासुद्धा असे. या दोघींचं कुठेच नाही. हजेरीवही नव्हती. खातेप्रमुख खाली बसत. प्रत्येक पान भिंगाखाली धरून तपासायची त्यांना सवय, म्हणून त्यांचं नाव भिंगवाले. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते माडी चढत नसत. पानं दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली जायची. चूक सापडली तर नेमकं कुणावर ओरडायचं हे कळावं, म्हणून त्यांनीच एक युक्ती काढली होती. कोटवाल्याच्या कोटाला एकाखाली एक सहा काळी बटणं. आत्याच्या अंकात वरून तिसरं बटण लाल करायचं, लांबडीच्या अंकात सगळी काळी ठेवायची. तीच सही आणि तीच हजेरी.

अर्थात बटणाची ही गोष्ट आत्यानं दुकानदाराला सांगितली नाही. ती मला घरी येताना सांगितली. कारण चष्म्याचा नंबर काढता काढता त्या बिचाऱ्यानं स्वतःच बटणाचा विषय काढला होता. "मावशी, रविवारी आमची बैठक असते. सहासात जण जमतो. कोटवाला नक्की कोण आणि त्याची शक्ती काय, यावर वीस वर्षं अभ्यास चाललाय. लाल बटणावर तर माझी अख्खी वही आहे. याल का?"

"आता यांची वीस वर्षं मी एका वाक्यात मोडू का?" वाटेत आत्या म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

"सांगून टाक की. रिकामटेकडे लेकाचे," मी म्हटलं. "पण त्या लांबडीबद्दल कधी बोलली नाहीस तू."

आत्याचं हसू तिथेच थांबलं. ते नाव आमच्या घरात काढायची सोय नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी खोदून विचारलं, तेव्हा तिनं चार वाक्यांत उरकलं. आतोबा शिडीवरून पडले, पाठीचं हाड मोडलं. आत्या तशीच धावली आणि तीन महिने इस्पितळातच राहिली. कामावर कळवायचंही भान नव्हतं. ओळीनं तीन अंक चुकले की जागा दुसऱ्याला, असा तिथला नियम. परत गेली ती हातापाया पडायच्या तयारीनं. तर भिंगवाल्यांनी अवाक्षर न काढता पानं वर पाठवली. त्यांना दया आली असं आत्या समजली. उगाच विषय नको म्हणून तिनं आभारही मानले नाहीत.

"पण टेबलाशी गेले तर माझा बारीक ब्रश झिजून खुंट झालेला. माझ्या लाल रंगाची वडी संपलेली. आणि टोपली ओढणारा म्हणाला, लांबडी दोन्ही अंक एकटीच उरकते, तुमच्यावाचून काही अडलं नाही हो." आत्या रस्त्यातच थांबली. "मला काढून सगळं काम एकटीनं घ्यायला निघाली होती ती. मैत्रीण म्हणे! माझा ब्रश झिजवलास, माझा रंग संपवलास, आता माझ्या खुर्चीवरही बस, असं मी तिला जिन्यात सगळ्यांसमोर सुनावलं. एक शब्द बोलली नाही. बोलणार कुठल्या तोंडानं?"

त्यानंतर सहा वर्षं दोघी शेजारी शेजारी बसून रंग भरत होत्या, आणि एकमेकींशी एक अक्षर नाही. छापखाना बंद पडला त्यालाही आता एकोणतीस वर्षं झाली. पस्तीस वर्षांचा अबोला! आत्याच्या स्वभावात माया भरपूर आहे, पण नाकावरचा राग मायेच्या आधी पोचतो. तो माझ्याकडेही आलाय.

रविवारी नवा चष्मा घालून आत्या बैठकीला गेली. सोबत मी, नाइलाजानं. दुकानामागच्या खोलीत काचा घासायचं चाक एका कोपऱ्यात सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. आत्याला मधली खुर्ची मिळाली आणि मग जी जुंपली, की विचारू नका.

बाहेरच्यांसाठी सांगते. कोटवाला कधी कुणाला मारत नाही, कधी बोलत नाही. नुसता चोरासमोर येऊन उभा राहतो. चोर गाठोडं खाली ठेवतो आणि घरी जातो. हे कसं होतं, बाराशे अंकांत कुठेही सांगितलेलं नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे एक मास्तर म्हणाले, तो वेळ थांबवतो, आणि त्या थांबलेल्या वेळात चोराला पश्चात्ताप होतो. निवृत्त बस कंडक्टरांचं म्हणणं, तो मेलेला आहे. "बाराशे अंकांत एकदाही बसमध्ये चढलेला दाखवा. जिवंत माणसाला कुठेतरी जायचं असतं की नाही?" दुकानदाराच्या मते कोटवाले दोन, जुळे भाऊ. लाल बटणाचा थोरला, तो मवाळ. काळ्या बटणांचा धाकटा, तो कडक.

"चित्रकार काय म्हणायचे, मावशी?" मास्तरांनी विचारलं.

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, बाई, कोटाची बटणं लावून ठेवलीत, कशाला उघडून बघू? मलाही ठाऊक नाही."

सगळे इतके खूश झाले, जणू आत्यानं त्यांना खजिन्याची किल्ली दिली. बटणाबद्दल मात्र तिनं ताकास तूर लागू दिली नाही. मग दुकानदारानं वही उघडली आणि लाल बटणाच्या अंकांची यादी वाचायला घेतली. आत्याचे ओठ हलायला लागले. एक, तीन, पाच, सात. तिनं भरलेला प्रत्येक अंक, तारखेसकट, एका परक्या माणसानं वीस वर्षं जपून लिहून ठेवला होता, आणि आपण काय लिहितोय हे त्याला माहीतही नव्हतं. आत्याचे डोळे भरून आले. खरं सांगते, मला त्या रिकामटेकड्यांबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

"आता खरं कोडं," दुकानदार म्हणाला. "नऊशे एकतीस ते नऊशे त्रेचाळीस. मधले एक सोडून एक, असे सात अंक. यांत लाल बटण आहे, पण तिसरं नाही. चौथं आहे. प्रत्येक पानावर चौथं."

आत्या म्हणाली, "शक्यच नाही." मग तिनं तारीख विचारली. दुकानदारानं सांगितली. आतोबा पडले त्याच्या पुढच्याच आठवड्याची होती.

आतापर्यंत गप्प बसलेली एक परिचारिका होती, चाळिशीची, कामावरून थेट आलेली. ती म्हणाली, "हे सगळे मला हसतात, पण मला वाटतं त्या सात अंकांत कोटवाला तिथे नाहीच. घरी कुणी आजारी असेल, कुठे अडकला असेल. तो नाही हे कुणाला कळू नये म्हणून दुसरंच कुणीतरी त्याचा कोट घालून उभं राहिलंय. आम्ही करतो असं. एखादीचं मूल आजारी पडलं की दुसरी तिची पाळी करते आणि वरच्यांना ताकास तूर लागू देत नाही."

"मग बटण चुकलं कसं?" कंडक्टरांनी विचारलं.

"दोघांचं काम एकट्यानं करायचं म्हटल्यावर चुकणारच की."

आत्यानं हात पुढे केला. दुकानदारानं नऊशे एकतिसावा अंक तिच्या हातात दिला. तिनं तो नाकाशी धरला आणि कोटवाल्याच्या मागचं आभाळ बराच वेळ न्याहाळलं. आभाळातले ब्रशाचे फटकारे डावीकडे झुकलेले होते. मग तिनं अंक फिरवून उलटा धरला. आता कोटवाला डोक्यावर उभा होता. तिनं बोट ठेवून वरून बटणं मोजली. एक, दोन, तीन. तिसरं लाल.

"ती डावखुरी," आत्या माझ्या कानाशी म्हणाली. "ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून पान उलटं ठेवून रंगवायची. माझी हजेरी लावत होती गं ती. माझ्याच ब्रशानं, माझ्याच लाल रंगानं. तेरा आठवडे."

ती उठली. सगळे तिच्याकडे बघत होते. परिचारिकेकडे वळून ती म्हणाली, "तुझं बरोबर आहे. अगदी बरोबर आहे." आणि बाहेर पडली. मागे खोलीत जो गलका उडाला तो रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीपलीकडच्या बसमध्ये बसलो. जिचं नाव पस्तीस वर्षं काढलं नाही, तिचा पत्ता आत्याला घरक्रमांकासकट पाठ होता. वाटेत ती दोनदा म्हणाली, "परत जाऊ या." दोनदा मी म्हटलं, "बस गप." आतून मलाही धाकधूक होती. त्या वयाच्या बाईच्या दारावर थाप मारायची, तर कोण दार उघडेल याचा काय भरवसा?

दार तिनंच उघडलं. आता मान वाकवायची गरज नव्हती, पाठच वाकली होती. तिनं आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आत्याकडे.

"केस पिकले की गं सगळे," लांबडी म्हणाली.

आत्या उंबऱ्यातच उभी. "नऊशे एकतीस ते नऊशे त्रेचाळीस," एवढंच म्हणाली.

लांबडी मागे सरकून बाकावर बसली. "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? चौथं बटण रंगवलंस तू."

"चौथं? छे! चांगलं मोजून तिसरंच रंगवत होते."

"पान उलटं होतं, बये."

लांबडीनं हवेत पान फिरवून बघितलं, बोटानं मोजलं, आणि खो-खो हसत सुटली. "अगं बाई! आणि त्या भिंगवाल्यांना दिसलं नाही?"

"लाल दिसला की पुरे होतं त्यांना." आत्याला हसता येत नव्हतं. "त्या दिवशी जिन्यात बोलली का नाहीस?"

"ते खालीच उभे होते ना. तेरा आठवडे तू नव्हतीस हे त्यांच्या कानावर गेलं असतं, तर त्याच पायरीवरून घरी गेली असतीस. आणि घरी नवरा पाठ मोडून पडलेला."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"दुसऱ्या दिवशी मला राग आला होता. चोरच ठरवलंस मला. म्हटलं, ही विचारेल तेव्हा सांगेन."

"किती दिवस वाट बघितलीस?"

लांबडीनं जरा विचार केला. तिला दुखवायचं नव्हतं, खरं तेवढंच सांगायचं होतं. "छापखाना बंद होईपर्यंत," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज विचारेल."

आतोबा गेले तेव्हाही आत्या चारचौघांत रडली नव्हती. आता उंबऱ्यात उभी राहून ती लहान मुलीसारखी रडली. "मी चुकले गं, मी चुकले," याखेरीज तिला दुसरं काही सुचेना. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. लांबडी बाकावर थोडी बाजूला सरकली आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला.

"ये, बस," ती म्हणाली. "आता तरी विचार काय विचारायचं ते."