दीदींचा लाकडी चमचा

रायपूर राजधानी झाल्यापासून गोल बाजारात झगमगत्या खेळण्यांची रेलचेल झाली. पण शेजारच्या दीदी नाताळात फक्त लहानांनाच खेळणी देतात. मोठ्या मुलांना मात्र घरातली वापरलेली वस्तू!

"वर्षभर कोण कशाले हात लावते, ते मी पाहून ठेवते," असं त्या ठसक्यात सांगतात.

मला हा शुद्ध चिक्कूपणा वाटायचा. यंदा त्यांनी आमच्या लेकीला केक फेटायचा आपला एकुलता एक लाकडी चमचा दिला. दर डिसेंबरात ती तोच मागायची, आणि दीदी कधी देत नसत.

आठवड्याभरात दीदी मैद्याच्या हातांनी दारात उभ्या.

"पोट्टी, नव्या वर्षाचा केक करून राहिली मी. तुझा चमचा दे ना जरा."

लेक चमचा घेऊन आली, पण हातातून सोडेना.

"दीदी, चमचा मेरा है. फेंटूंगी भी मैं."

"हव," म्हणत दीदींनी तिला वाट करून दिली.