एकटीचं उतरणं

माझी मावसबहीण शुभा एका छोट्या विमानतळाच्या टॉवरमध्ये नियंत्रक आहे. परवा रीतसर परवानगी काढून मी तिच्या काचेच्या खोलीत गेलो आणि संस्थानिकाच्या थाटात खुर्चीवर बसलो.

"दादा, कशाला हात लावायचा नाही. आणि भाष्य नको," ती म्हणाली.

समोरून एक शिकाऊ मुलगी येत होती, आयुष्यात पहिल्यांदा एकटीने विमान उतरवायला. पण आधी उतरलेलं विमान, निरोप घेऊनही दारात गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं, धावपट्टीवरच रेंगाळत होतं. शुभाने शांत, ठरावीक इंग्रजीत मुलीला सांगितलं, उतरू नका, वर जा, फेरी मारून या.

"अगं, घाबरेल ना पोर!"

"घाबरू दे थोडी. आभाळात जागा पुष्कळ आहे, पट्टीवर एकालाच."

विमानाने नाक उचललं आणि ते आमच्यासमोरून निघून गेलं. आजवर 'पुन्हा या' ऐकून मी कितीतरी कचेऱ्यांच्या दारांतून तोंड पाडून परतलो आहे. इथे मात्र परत पाठवणारी बाई दुर्बीण लावून तिच्याचसाठी पट्टी रिकामी करत होती. असं कुणी परत पाठवणार असेल, तर मी आनंदाने दिवसभर घिरट्या घालीन!

फेरी पुरी करून मुलगी आली. चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली. विमान पळत जाऊन सावकाश थांबलं. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. शुभाने अभिनंदन केलं, तेव्हा सगळं ठरावीक इंग्रजी विसरून रेडिओवर आवाज आला, "मॅडम, आणखी एकदा जाऊ?"