मांडीवरची वही

शिक्षकांसाठी एका कंपनीने भरवलेल्या प्रशिक्षणात, पडद्यावरच्या ॲपने मिनिटभरात चाळीस वह्या तपासून दाखवल्या. टाळ्या पडल्या. मी मात्र माझ्या वर्गातल्या सानियाची वही मांडीवर उघडून बसले होते. उत्तरं सगळी बरोबर होती, पण एरवी दाबून लिहिल्याने पानामागे उमटणारं तिचं अक्षर आज जेमतेम दिसत होतं. ॲपने तिला पैकीच्या पैकी दिले असते. मला तिच्या घरची काळजी लागली. इतकी वर्षं मी वह्या तपासतेय की मुलांच्या घरात डोकावतेय, कुणास ठाऊक.

"मॅडम, ठेवा ती वही. यापुढे तुम्हाला वह्या बघाव्याच लागणार नाहीत," मंचावरचा तरुण हसून म्हणाला.

"तुमचं चालू द्या," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "मी बघणार."

आणि पान उलटलं.