मास्तरणीचा बारमाही तान्हा पोळा

"काहून वं, या मास्तरणीचा तान्हा पोळा सरतच नाही काय?" इंदोऱ्याच्या गल्लीत बायका एकमेकींना विचारीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी चाकांचे लाकडी नंदी मिरवावेत, हे रीतीला धरून होते. पण गोपिकाबाईंच्या चौथीत नंदी वर्षभर फिरे. शेजारच्या रंभाबाईचे म्हणणे असे, की या शिकल्यासवरल्या बाईला नवऱ्याऐवजी बैलच मिळाला.

गोपिकाबाई शाळेच्या आवारात चुन्याने बहुकोन आखून घेत. एखादे मूल नंदीला रेघेवरून ओढत नेई आणि कोपरा आला की पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या कोनमापकावर तो किती अंश वळला ते वर्ग मोजी. नंदी उचलायचा नाही, दोरीनेच वळवायचा, हा तान्ह्या पोळ्यातला मुलांचा दंडक इथेही चाले. फेरी पुरी होऊन नंदीचे तोंड पहिल्या दिशेला आले, की वळणांची बेरीज तीनशे साठ भरे. मग कोपरे तीन असोत की आठ. प्रत्येक वळण एकशे ऐंशीतून वजा केले की आतला कोन हाती येई.

मुख्याध्यापक चंपतराव गुरुजींना हे रुचत नसे. चौथीच्या पुस्तकात नसलेला हा खेळ तपासनिसांपुढे फसला, तर चौथी काढून पहिलीवर बसवीन, असे त्यांनी बजावले होते. बाईंचा जीव त्या चौथीत गुंतलेला होता.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात तपासनीस रुपराव साहेब आले, तेव्हा देवकी नावाची मुलगी पंचकोन आखत होती. साहेबांची सायकल फाटकात दिसताच ती गडबडली आणि बाहेर यायचा पाचवा कोपरा आत घुसला. गुरुजींनी पुसायची खूण केली. बाई मात्र त्या खाचेकडे पाहतच राहिल्या. अशा आकृतीवर नंदी कधी फिरवलाच नव्हता. पहिलीवर जाण्याची भीती होतीच. पण आता काय होणार हे पाहण्याची ओढ त्या भीतीहून मोठी होती. असू दे, म्हणून त्यांनी दोरी देवकीच्याच हाती दिली.

शंभर. नव्वद. एकशे दहा. पुन्हा शंभर. चार कोपऱ्यांतच चारशे झाले. पाचवा कोपरा उरला असतानाच तीनशे साठ मागे पडले होते. गुरुजींनी हताशपणे साहेबांकडे पाहिले. नंदी पाचव्या कोपऱ्याशी आला, चाळीस अंश वळला आणि त्याचे तोंड थेट आवारातल्या कडुनिंबाकडे झाले. निघताना ते तिकडेच होते.

चारशे चाळीस, असा पोरांनी गिल्ला केला. देवकी दोरी न सोडता खाली बसली.

"नाही जी, बाई. इथं बैल उलटा फिरला. मंग हे चाळीस काढा लागन ना."

चारशेतून चाळीस गेले. तीनशे साठ! अख्खा वर्ग कडुनिंबाभोवती नाचू लागला. आणि इथला आतला कोन किती, असे साहेबांनी विचारताच, उलटे वळण एकशे ऐंशीत मिळवायचे, म्हणून दोनशे वीस, असा दहा तोंडांनी जबाब आला. रुपराव साहेबांनी विजारीची घडी सांभाळत उकिडवे बसून दोन खाचांची आकृती आखली आणि दोरी मागितली. वळताना त्यांनी नंदी जरा उचलला, तेव्हा साहेब बाद, असा निकाल पोरांनी तिथल्या तिथे दिला. तो त्यांनी मानला.

चौथी बाईंकडेच राहिली. साहेब गेल्यावर गुरुजींनी घाम पुसत म्हटले, की एवढी जोखीम घेण्याआधी निदान एकदा एकटीने फिरवून तरी पाहायचे होते. चुन्याने पांढरे झालेले हात झटकत बाई म्हणाल्या,

"एकटीनंच पाहून घेतलं असतं, गुरुजी, तर मंग शाळेत कायले आली असती?"