काढून टाकलेले एक्केचाळीस व्हिडिओ

पडद्यावर माझे बाबा होते. भिंतीएवढे. डोंग्यात बसलेले, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात जाळं. आणि गोंदियाच्या त्या हॉलमधली दोनेकशे माणसं त्यांच्याकडे पाहून हसत होती.

बाबा माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसले होते.

व्हिडिओ चॅनल कसं वाढवायचं, याची ती कार्यशाळा. नागपूरहून सर आले होते. ज्यांना आपलं चॅनल तपासून पाहिजे त्यांनी नाव द्या म्हणे. मीच दिलं, मोठ्या हौसेनं. बाबांनाही मीच ओढत नेलं होतं, की चला, आज तुम्ही मोठ्या पडद्यावर दिसणार. त्यांनी लग्नाकार्यातला शर्ट घातला होता.

सरांनी व्हिडिओ मधेच थांबवला. बाबांचं तोंड पडद्यावर तसंच अर्धं उघडं राहिलं. सर म्हणाले, "हे आजोबा नुसते पाण्याकडे बघत बसलेत. पुढे काय बोलले ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं?"

हॉल म्हणाला, नाही. सगळे आपलेच लोक, गोंदियाचे, आजूबाजूच्या खेड्यांचे. कळलं सगळ्यांना होतं.

मग सरांनी नक्कल केली. बाबा 'पानी' कसं म्हणतात, 'जाऊन रायला' कसं म्हणतात, गाल फुगवून. समोरच्या रांगेतून कोणीतरी सांगितलं, सर, ते आजोबा इथंच बसलेत. सर जरा ओशाळले. हात जोडले आणि हसत म्हणाले, "सॉरी बाबा. पण तुम्ही मुलीचं चॅनल बुडवताय."

पुन्हा हसू. बाबा उठून उभे राहिले, चारी बाजूंना हात जोडले, आणि तेही हसले. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कोणी त्यांना मारलं असतं तर मी निदान भांडली असती.

मी काय केलं? वही काढली आणि सरांचे मुद्दे उतरवून घेतले. भाषा शुद्ध ठेवा. रिकाम्या जागा कापा. स्वतःचा चेहरा पुढे आणा. ठरल्या वारी व्हिडिओ टाका. जुने, न चालणारे व्हिडिओ काढून टाका, ते चॅनलला खाली ओढतात. या शेवटच्या मुद्द्याखाली मी दोन रेघा मारल्या. अशी मी अक्कलवान.

आम्ही ढिवर. नवेगाव बांधच्या तलावावर मासे धरण्यात आमच्या पिढ्या गेल्या. बाबा शाळेत गेले नाहीत, पण पाण्यावरचे बुडबुडे पाहून खाली मरळ आहे की आणखी काही, ते सांगायचे. कोणत्या महिन्यात जाळं टाकायचं नाही, काऊन टाकायचं नाही, हेही सांगायचे. बोलता बोलता थांबायचे, पाण्याकडे पाहायचे, मग पुढचं वाक्य यायचं. मी फोन धरून बसायची. फोनमध्ये जागा कमी, म्हणून व्हिडिओ चॅनलवर चढला की फोनमधला पुसून टाकायची. पाहणारे गावातले, नात्यातले, कामासाठी परमुलखात गेलेले. एका बाईनं खाली लिहिलं होतं, भाऊ, तुमचं बोलणं ऐकून माझा बाप आठवला. ते बाबांना वाचून दाखवलं तेव्हा दिवसभर त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीपाशी बसले. मग म्हणाले, "काढून टाक बाई. सिकेल मानूस हाये थो, खोटा कायले बोलन?"

मी फोन काढला. प्रत्येक व्हिडिओला फोन विचारायचा, खरंच काढायचा का, परत मिळणार नाही. मी हो म्हणत गेली. सौंदडला गाडी थांबली तोवर एक्केचाळीस झाले होते. बाबांचे सगळे. बाबा बाजूला बसून माझं बोट पाहून राहिले होते.

त्यानंतर मी पुढे आली आणि बाबा मागे गेले. मी नवा कुर्ता घालून डोंग्याच्या टोकावर उभी राहायची, पुण्याची असल्यासारखं 'पाणी' म्हणायची, आणि बाबा मागून डोंगा हाकायचे. बाबांना मी सांगून ठेवलं होतं की कॅमेऱ्यात यायचं नाही. त्यांनीच शिकवलेलं मी धडाधड बोलायची, मधली जागा कापून टाकायची. चॅनल चाललं. खोटं कशाला बोलू, चांगलंच चाललं. तालुक्याला गेली की पोरी ओळखायच्या.

एकदा बाबा मागून खाकरले. घेतलेला व्हिडिओ वाया गेला. मी वळून खेकसली, "बाबा, चूप राहा ना. तुमचा आवाज येऊन राहिला."

ते मान हलवून गप्प झाले. पुढे डोंग्यात खोकला आला की गमचा तोंडावर दाबून धरायचे. मला ते दिसायचं. मला ते बरं वाटायचं. त्या सरांनी एकदाच नक्कल केली, मी रोज त्यांचं तोंड बंद केलं.

गालातली जखम त्यांनी सांगितलीच नाही. सांगितली तेव्हा तोंडात दोन बोटं जात नव्हती. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले कॅन्सर आहे, जिभेपर्यंत पसरला आहे, जीभ काढावी लागेल. तो रोग खर्ऱ्याचा. तो मी कोणाच्या माथी मारत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी फोनचा कॅमेरा त्यांच्यासमोर धरून म्हटलं, बाबा, काहीतरी बोला. तोंड उघडेना. नुसता घशातला घोळ निघाला. त्यांनीच माझा फोन खाली केला.

जीव वाचला. बोलणं गेलं.

घरी आल्यावर महिनाभरानं एके दुपारी माय माझ्यापाशी येऊन बसली. बाबा पडवीत जाळं सांधत होते. माय म्हणाली, "त्याहीचा आवाज लाव ना व मोबाइलमंधी. तू तं लय काढले होते."

तिला माहीतच नव्हतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिनं विचारलं,

"येकबी नाही ठेवला?"

बाबांनी पडवीतून ऐकलं. त्यांनी हात वर केला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, की मी म्हटलं होतं तिला. माझा गुन्हा आपल्या अंगावर घेऊन राहिले होते, तेही जीभ नसताना. मी परसात जाऊन रडली. मोबाइल दुरुस्तीवाल्यांना फोन दाखवला, चॅनलवाल्यांना लिहिलं. गेलेलं परत मिळत नाही, एवढंच उत्तर आलं.

असं सगळं झाल्यावर त्या सरांचा फोन आला. म्हणाले, ताई, तुम्ही आमचं यश आहात, नव्या लोकांना पाच गोष्टी सांगायला या. मी गेली. तोच हॉल, तशाच वह्या. माइक हातात घेतला आणि कुर्तावाली भाषा तोंडात येईचना. मी आपल्या बोलीत म्हटलं, "जुने व्हिडिओ काढा मनलं, मी काढले. त्याच्यात माह्या बापाचा आवाज होता. आता त्याले जीभ नाही. बोट माहं होतं, पन हसले तुमी होते."

कोणी हसलं नाही. सरांनी हळूच माइक घेतला, ताई भावुक झाल्या म्हणाले, आणि चहाची सुट्टी जाहीर केली. लोक चहा प्यायला गेले.

घरी येऊन मी बाबांचा व्हिडिओ टाकला. जाळं सांधताना, अकरा मिनिटं, एक सेकंद न कापता. पहिलीच कमेंट आली, ताई आवाज येत नाही, माइक चेक करा. मी लिहिलं, आवाज नाहीच आहे.

पाहणारे निम्मे गळाले. गळोत. आता मी गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या दारात फोन घेऊन बसते. खर्रा थुंकून या म्हणत नाही. ते थांबले तर मीही थांबते, कारण माझ्या बापाचं डोकं त्याच थांबण्यात चालायचं आणि मी ते रिकामी जागा म्हणून कापलं. यानं बाबांचा एक शब्दही परत येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण यातला एकही व्हिडिओ निघणार नाही. आणि आमच्या माणसांना पुन्हा कोणी चूप करायला आलं, मग तो कितीही शिकलेला असो, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.